रोजंदार, उपरी की शिलेदार? चंदू सरवटे यांच्या कारकीर्दीवरून सुचलेला एक विचार

१

खेळांच्या इतिहासाचे आपल्याकडे जे लेखन झाले आहे ते बहुधा दोन टोकांना झालेले आहे. एका टोकाला विक्रमवीरांची चरित्रे आहेत. दुसऱ्या टोकाला संस्थांचे रौप्यमहोत्सवी व सुवर्णमहोत्सवी अंक आहेत. ह्या दोहोंच्या मधल्या जागेत एक मोठा वर्ग उभा असतो. आपले कसब घेऊन चार-सहा संघांची सेवा केलेला, सर्वोच्च पातळीला क्षणभर स्पर्श करून पुन्हा खालच्या पायरीवर आलेला आणि तेथे मात्र दीर्घकाळ टिकून राहिलेला असा हा खेळाडू होय. पहिल्या प्रकारच्या लेखनात तो तळटीपेपुरता येतो आणि दुसऱ्या प्रकारच्या लेखनात तो ‘आपला’ नसल्यामुळे वगळला जातो. प्रस्तुत लेखात अशा एका कारकीर्दीचा विचार करावयाचा आहे. तो करताना वऱ्हाड प्रांताकडे, आणि त्यातही बुलढाणा जिल्ह्यासारख्या खालसा मुलखातील जिल्ह्याकडे, दृष्टी ठेवावयाची आहे. कारण खेळाडू कोठून कोठे गेला हे सांगून इतिहास पुरा होत नाही, तो जेथे राहू शकला नाही तेथे काय नव्हते हेही सांगावे लागते.

अशा खेळाडूस इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. इंग्लंडातील फुटबॉलच्या खालच्या श्रेणींतून आठ-दहा संघ बदलीत गेलेल्या आघाडीच्या खेळाडूला हे विशेषण हटकून लाविले जाते, आणि ते ऐकताच आपल्या मनात ‘प्रवासी’ हा अर्थ उभा राहतो. वस्तुतः ह्या शब्दाचा मूळ अर्थ प्रवासाशी निगडित नाही. फ्रेंच ‘झुर्ने’ म्हणजे दिवस, किंवा एका दिवसाचे काम. उमेदवारी संपविलेला, परंतु स्वतःचे दुकान नसलेला, दिवसाच्या मजुरीवर उस्तादाकडे काम करणारा कारागीर तो जर्नीमन. प्रवास ह्या अर्थाचा इंग्रजी शब्दही त्याच मुळापासून, ‘एका दिवसाची मजल’ ह्या अर्थाने निघाला, आणि पुढे दोन्ही अर्थांची सरमिसळ झाली. आपल्या भाषेत ह्याला अगदी तंतोतंत प्रतिशब्द आहे, तो म्हणजे ‘रोजंदार’. फारसी ‘रोज’ म्हणजे दिवस. दिवसाच्या हिशेबाने वेतन घेणारा तो रोजंदार. दोन भाषांनी स्वतंत्रपणे एकाच कल्पनेतून शब्द घडविला, ही गोष्ट केवळ कुतूहलाची नव्हे. अशा माणसाचे लक्षण त्याच्या भटकण्यात नसून त्याच्या वेतनाच्या मुदतीत आहे, हे दोन्ही शब्द सांगतात. तो हिंडतो, कारण त्याला कोठेच कायमचा हक्क नाही.

ही कल्पना आपल्याकडील क्रिकेटपटूला कितपत लागू पडते, हा ह्या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी चंद्रशेखर त्र्यंबक ऊर्फ चंदू सरवटे यांची कारकीर्द निवडली आहे.

२

सरवटे यांचा जन्म १९२० साली सागर येथे झाला. सागर हे आज मध्य प्रदेशातील हिंदीभाषक शहर असले, तरी अठराव्या शतकात गोविंदपंत बुंदेले यांच्या कारभारापासून तेथे मराठी कुटुंबांची वस्ती होती. १८१८ नंतर तो मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १८६१ साली मध्य प्रांत बनला तेव्हा त्यात समाविष्ट झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९३६–३७ च्या हंगामात, सरवटे मध्य प्रांत व वऱ्हाड ह्या संघातून प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये उतरले. त्यानंतर ते महाराष्ट्राकडून खेळले, मुंबईकडून खेळले, आणि मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदूंच्या संघाकडूनही खेळले. १९४४–४५ पासून ते होळकर संघात आले व तेथे स्थिरावले. पुढे मध्य प्रदेशाकडून आणि कारकिर्दीच्या अखेरच्या टप्प्यात विदर्भाकडून ते खेळले. म्हणजे एकंदर तीस वर्षांहून अधिक काळ हा गृहस्थ मैदानावर होता.

ह्या तीन दशकांतील त्यांच्या कामगिरीचा हिशेब असा: प्रथम दर्जाचे १७१ सामने, ७,४३० धावा, १४ शतके, सर्वोच्च धावा २४६, आणि ४९४ बळी, प्रत्येकी सरासरी २३.५४ धावांना. फिरकी गोलंदाज आणि फलंदाज ह्या दोन्ही नात्यांनी हे आकडे कोणत्याही प्रांतिक संघाचा कणा ठरावेत असे आहेत. ह्याच माणसाचा कसोटी सामन्यांतील हिशेब मात्र निराळा आहे. १९४६ ते १९५१ ह्या काळात नऊ कसोट्या, १३ च्या सरासरीने २०८ धावा, आणि अवघे तीन बळी, प्रत्येकी १२४.६६ धावांना.

एका बाजूला ४९४ आणि दुसऱ्या बाजूला तीन. ह्या दोन आकड्यांपैकी कोणता आकडा सरवटे यांची खरी योग्यता सांगतो? आजवरच्या लेखनाने बहुतेक वेळा दुसरा आकडा पुढे केला आहे. कसोटीत अपयशी, देशांतर्गत सामन्यांत यशस्वी, असे एका वाक्यात सांगून विषय संपविला जातो. हे वाक्य असत्य नाही, परंतु अपुरे आहे. त्यात मोजमापाची पट्टी कोणी तयार केली हा प्रश्न विचारलेलाच नाही. त्याचा विचार पुढे येईल. आधी त्यांच्या संघांतराचे स्वरूप पाहू.

३

सरवटे यांच्या संघांची यादी वाचताना असे वाटते की हा माणूस सारखा स्थलांतर करीत होता. परंतु ही यादी नकाशासमोर ठेवून वाचिली, तर निराळेच चित्र दिसते.

मध्य प्रांत व वऱ्हाड हे नावच मुळी दोन भिन्न मुलखांच्या जोडणीचे आहे. वऱ्हाड हा निजामाचा प्रांत. १८५३ साली त्याचा कारभार इंग्रजांकडे सोपविला गेला, १९०२ च्या करारान्वये तो कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे आला आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ च्या पुनर्रचनेनंतर अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ असे त्याचे चार जिल्हे झाले. राजधानी नागपूर. अर्थात सागरचा हिंदी मुलूख, नागपूरचा झाडीपट्टीपर्यंतचा मुलूख आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेला टेकलेला बुलढाण्याचा मुलूख ह्या तिघांचा एकच ‘प्रांतिक’ संघ होता. सागरचा सरवटे आणि खामगावचा एखादा मुलगा हे रणजी करंडकाच्या दृष्टीने एकाच गावचे!

१९५० साली ह्या प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, आणि त्याची राजधानी नागपूरच राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व वऱ्हाडचे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. सागर मात्र नव्या मध्य प्रदेशात राहिले व त्या राज्याची राजधानी भोपाळ झाली. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. ह्याचा अर्थ असा की ‘मध्य प्रदेश’ ह्या एकाच नावाने १९५६ च्या आधी एका मुलखाचा व नंतर दुसऱ्या मुलखाचा बोध होतो. भाषेच्या अभ्यासकास नाव तेच राहून वाच्यार्थ बदलल्याची उदाहरणे नवीन नाहीत. परंतु खेळांच्या नोंदी चाळणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट ध्यानात ठेविली नाही, तर तो एकाच खेळाडूला दोन प्रांतांत किंवा दोन खेळाडूंना एका प्रांतात टाकील.

इंदूरची हकीकत अशीच आहे. होळकर संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले. तथापि होळकर ह्या नावाचा संघ १९५४–५५ पर्यंत चालू राहिला. त्यानंतर त्याच मैदानावरून मध्य भारताचा, आणि पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशाचा संघ उभा राहिला. जो खेळाडू इंदूर सोडून कोठेही गेला नाही, त्याच्याही नावापुढे दोन-तीन संघांची नावे लागली. अखेरीस विदर्भ. हा संघ १९५७–५८ पासून रणजी करंडकात स्वतंत्रपणे उतरू लागला. म्हणजे सरवटे जेव्हा विदर्भाकडून खेळले, तेव्हा ते ज्या संघातून सोळाव्या वर्षी उतरले होते त्याच संघाच्या एका तुकड्याकडून खेळत होते. त्यांना त्या वेळी परतलेला म्हणावयाचे, की बाहेरून आलेला? जन्मगाव सागर दुसऱ्या राज्यात, कर्मभूमी इंदूर दुसऱ्या राज्यात. पण पहिला संघ नागपूरचा. खेळाडू जितका फिरला, तितकाच त्याच्या पायाखालचा नकाशाही फिरला. म्हणून संघांच्या यादीतील प्रत्येक नाव हे एकेक स्थलांतर समजणे चुकीचे होय. त्यातील काही स्थलांतरे आहेत, आणि काही नामांतरे आहेत.

४

आता खऱ्या स्थलांतरांकडे वळू. नागपूरच्या बाजूचा कसबी खेळाडू इंदुरास का जातो?

ही वाट सरवटे यांच्या आधीच मळलेली होती. १८९५ साली नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू १९२३ साली होळकरांच्या निमंत्रणावरून इंदुरास गेले व त्यांच्या सैन्यात अधिकारी झाले. १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचे ते कर्णधार होते. पुढे होळकर संघ जो प्रबळ झाला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. १९४४–४५ ते १९५४–५५ ह्या अकरा हंगामांपैकी दहा हंगामांत होळकर संघाने रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा, म्हणजे १९४५–४६, १९४७–४८, १९५०–५१ व १९५२–५३ साली, करंडक जिंकला. ह्या संघात कॅप्टन मुश्ताक अली होते, मेजर जगदाळे होते. नावामागील ह्या लष्करी पदव्या काय सांगतात? क्रिकेट हा व्यवसाय नव्हता, म्हणून क्रिकेटसाठी वेतन देता येत नव्हते. वेतन देण्यासाठी हुद्दा द्यावा लागे. हौशी आणि पगारी हा इंग्लंडातील भेद येथे अशा रीतीने झाकला गेला.

इंदूर, बडोदा, कोल्हापूर येथे राजा होता, दरबार होता, दरबारचे खाते होते. म्हणून तेथे मल्लाला खुराक मिळे, गवयाला बिदागी मिळे आणि फलंदाजाला हुद्दा मिळे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधविले, ही ह्याच आश्रयाची दगडात उमटलेली खूण होय. वऱ्हाडची स्थिती ह्याच्या नेमकी उलट होती. तेथे नाममात्र सत्ता निजामाची आणि प्रत्यक्ष कारभार इंग्रज अधिकाऱ्यांचा. मुलखात राहणारा राजा कोणीच नाही. खामगाव व अकोला येथे कापसाच्या पेठा होत्या, जिनिंगचे कारखाने होते, पैसा होता. परंतु पेठेचा पैसा आणि दरबारचा आश्रय ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पेठ सामन्यासाठी वर्गणी देते, पण खेळाडूला बारमाही पोसत नाही. बुलढाणा जिल्ह्यातून जाणारा लोहमार्गही हेच सांगतो. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके मुंबई–नागपूर मार्गावर आली आणि जलंबहून खामगावपर्यंत फाटा गेला तो कापसासाठी; जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा मात्र घाटावर, लोहमार्गापासून दूरच राहिले. माल बाहेर नेण्याची सोय झाली तीच माणसे बाहेर जाण्याची सोय ठरली.

ह्याचा अर्थ वऱ्हाडात खेळाची परंपरा नव्हती असा मात्र नव्हे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. योगायोग असा की ह्याच १९३६ साली सुरू झालेल्या हंगामात सरवटे प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये उतरले. एकाच वर्षी, एकाच प्रांताच्या नावाखाली, खेळाच्या दोन निरनिराळ्या कल्पना नांदत होत्या. एकीत व्यायाम हे राष्ट्रकार्य होते. त्यात वेतनाचा प्रश्न उद्‌भवतच नव्हता. दुसरीत खेळ हे कसब होते, आणि कसबी माणसाला पोट असते. वऱ्हाडने पहिली कल्पना उत्तम रीतीने जोपासली. दुसरीसाठी त्याच्याकडे साधन नव्हते. म्हणून ह्या प्रांतातून कार्यकर्ते निघाले व ते येथेच राहिले. कसबी खेळाडूला मात्र बाहेर जावे लागले.

सरवटे यांनी कला व कायदा ह्या शाखांच्या पदव्या घेतल्या होत्या, आणि अंगुलिमुद्रांचे तज्ज्ञ म्हणून ते ओळखले जात. आश्रयाचा भरवसा न धरता स्वतंत्र विद्या हाती ठेवणाऱ्या मध्यमवर्गीय खेळाडूची ही सावधगिरी होय. रोजंदार हा शब्द त्यांना पूर्णांशाने लागू पडत नाही तो ह्या कारणाने. सामन्यागणिक मजुरी घेणारे ते नव्हते.

५

मग त्यांना काय म्हणावे? आपल्या जुन्या दप्तरांत ह्यासाठी आणखी दोन शब्दांचा विचार करता येतो.

पहिला शब्द ‘उपरी’. देशावरील महसुली परिभाषेत जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असणारा तो मिरासदार आणि मुदतीने जमीन कसणारा, गावचा नसलेला तो उपरी. गावकीत मिरासदाराला मान असे. उपरी चांगले पीक काढीत असला तरी त्याला तो मान मिळत नसे. रणजी करंडकाची कल्पना वस्तुतः मिरासदारीची होती: जन्माने किंवा वास्तव्याने जो त्या प्रांताचा, त्याने त्या प्रांताकडून खेळावे. परंतु वास्तव्य नोकरीने ठरते आणि नोकरी आश्रयदात्याच्या हातात असते. त्यामुळे नावे प्रांतांची राहिली आणि माणसे नोकरीची झाली. १९४४–४५ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा काढणारा खेळाडू इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होता. युद्धाच्या निमित्ताने तो हिंदुस्थानात आलेला होता. ह्याहून मोठा उपरी कोणता!

दुसरा शब्द ‘शिलेदार’. अरबी–फारसी ‘सिलाहदार’, म्हणजे शस्त्र बाळगणारा, ह्यापासून तो आला. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. बारगिराची चाकरी सुटली की त्याच्या हाती काही उरत नाही; शिलेदार आपला घोडा घेऊन दुसऱ्या सरदाराकडे जाऊ शकतो. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाच्या जाधवरावांचा इतिहास ह्या संदर्भात आठवतो. लखुजी जाधवराव निजामशाहीतून मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीकडे आले, आणि १६२९ साली दौलताबाद येथे दरबारातच मारले गेले. नंतरच्या काळातील राष्ट्रनिष्ठेची कसोटी त्यांच्या चाकरीला लावून निवाडा करणे योग्य नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. त्यांची निष्ठा वतनाशी, कुळाशी आणि दिलेल्या शब्दाशी होती; राज्य ह्या कल्पनेशी ती अजून जोडली गेली नव्हती. खेळाडूच्या संघनिष्ठेचा विचार करतानाही हाच विवेक पाळावयास हवा.

ह्या ठिकाणी इंग्लंडातील फुटबॉलशी तुलना केल्यास भेद अधिक स्पष्ट होईल. तेथील खालच्या श्रेणीतील आघाडीचा खेळाडू आपल्या नजरेला संघामागून संघ बदलणारा स्वच्छंदी दिसतो. प्रत्यक्षात तो दीर्घकाळपर्यंत बांधलेला होता. करार संपल्यावरही त्याची नोंदणी संघाच्याच हाती राही. संघाने सोडल्याशिवाय तो दुसरीकडे खेळू शकत नसे, आणि संघाने विकले तर त्याला जावे लागे. १९०१ साली वेतनाची कमाल मर्यादा आठवड्याला ४ पौंड ठरली. १९६१ साली ती रद्द झाली तेव्हाही ती २० पौंडच होती. जॉर्ज ईस्टहॅम याने न्यूकॅसल संघाविरुद्ध दावा लावल्यावर १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यात अयोग्य अडथळा आणणारी आहे असा निर्णय दिला. तोवर तेथील गोल करणारा खेळाडू हा खऱ्या अर्थाने बारगीर होता: घोडा संघाचा, नोंदणी संघाची; त्याची स्वतःची अशी फक्त धाव.

हिंदुस्थानातील क्रिकेटपटूवर असे बंधन नव्हते. त्याला विकत घेणारा कोणी नव्हता, म्हणून विकणाराही नव्हता. परंतु त्याच कारणाने त्याच्या वेतनाला कायद्याचा आधारही नव्हता. संस्थान विलीन झाले की हुद्दा गेला. त्याविरुद्ध दाद मागण्यास न्यायमूर्ती विल्बरफोर्स उपयोगाचे नव्हते. इंग्लंडातील फुटबॉलपटूपाशी हक्क कमी पण व्यवस्था होती. आपल्याकडील क्रिकेटपटूपाशी स्वातंत्र्य होते पण व्यवस्था नव्हती. संस्थानांच्या जागी पुढे सेनादल, रेल्वे, कचेऱ्या आल्या. सेनादलाचा संघ १९४९–५० पासून आणि रेल्वेचा १९५८–५९ पासून रणजी करंडकात उतरला. आश्रयदाता बदलला, आश्रयाचे तत्त्व कायम राहिले.

ह्या दृष्टीने भाऊसाहेब निंबाळकर यांची कारकीर्द सरवटे यांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. कोल्हापुरात जन्मलेले निंबाळकर बडोदा, होळकर, महाराष्ट्र, मध्य भारत, राजस्थान आणि रेल्वे अशा संघांकडून खेळले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडविरुद्ध ते नाबाद ४४३ धावांवर असताना प्रतिपक्षाने पुढे खेळण्यास नकार दिला आणि ब्रॅडमनचा ४५२ धावांचा त्या वेळचा विक्रम नऊ धावांनी राहून गेला. अधिकृत कसोटी सामना त्यांना एकही मिळाला नाही. सरवटे यांना नऊ मिळाले. दोघेही शिलेदार, एकाला दरबाराचे बोलावणे आले, दुसऱ्याला आले नाही, एवढाच काय तो फरक.

६

आता मोजमापाच्या प्रश्नाकडे येऊ. कसोटीतील तीन बळी आणि तेराची सरासरी ह्या आकड्यांच्या मागे काय आहे?

१९४६ च्या मे महिन्यात ओव्हल मैदानावर सरेविरुद्धच्या सामन्यात भारतीय संघाचे नऊ गडी २०५ धावांवर बाद झाले होते. दहाव्या क्रमांकावरील सरवटे व अकराव्या क्रमांकावरील शुटे बॅनर्जी यांनी त्यानंतर अखेरच्या गड्यासाठी २४९ धावांची भर घातली. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या व अकराव्या फलंदाजांनी एकाच डावात शतके काढल्याचा प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील हा पहिलाच प्रसंग होता. दुसरा घडावयास फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले; तेव्हा मुंबईच्या तनुष कोटियन व तुषार देशपांडे यांनी बडोद्याविरुद्ध ही गोष्ट साधली. ओव्हलची ही हकीकत सर्वत्र नवल म्हणून सांगितली जाते. परंतु त्यातील खरा प्रश्न निराळा आहे. ज्याच्या नावावर पुढे चौदा शतके जमा झाली तो फलंदाज दहाव्या क्रमांकावर काय करीत होता?

त्याचे उत्तर दीड वर्षानंतर मिळते. १९४७–४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर हेच सरवटे विनू मांकड यांच्याबरोबर सलामीला पाठविले गेले. मेलबर्नच्या तिसऱ्या कसोटीत ह्या जोडीने १२४ धावांची सलामी दिली. त्यात मांकड यांनी शतक काढले व सरवटे यांचा वाटा ३६ धावांचा होता. इंग्लंडात दहावा, ऑस्ट्रेलियात पहिला! ज्याला संघात ठरलेली जागा नाही, त्याला कोणत्याही जागेवर उभे करता येते. हरहुन्नरीपणा हा रोजंदाराचा गुण खरा, पण तोच त्याचा तोटाही ठरतो. उस्तादाच्या दुकानात जे काम पडेल ते करणाऱ्या कारागिराची स्वतःची अशी एकही वस्तू मागे राहत नाही.

ह्याच्या उलट होळकर संघात त्यांची जागा ठरलेली होती. १९४५–४६ च्या हंगामात इंदुरास म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या आणि त्यात एकाच डावात सहा फलंदाजांनी शतके काढली. त्या सहांत सरवटे यांचे १०१ धावांचे शतक आहे. आणि त्याच सामन्यात त्यांनी ६१ धावांत नऊ बळी घेतले. ज्या माणसाला आपले काम काय हे ठाऊक आहे आणि उद्या तेच काम आपल्याकडे राहील ह्याची खात्री आहे, त्याची ही कामगिरी होय.

ह्यावरून सरवटे यांच्यावर कसोटीत अन्याय झाला असे मला सुचवावयाचे नाही. कसोटी गोलंदाजीत बळीमागे १२४ धावा ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादाने पुसता येणार नाही. आणि ब्रॅडमनच्या संघापुढे चेंडू टाकणे व प्रांतिक संघापुढे टाकणे ह्यांत अंतर आहेच. म्हणणे एवढेच की दोन्ही आकडे दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. सर्वश्रेष्ठांत ह्याचे स्थान कोणते, ह्या प्रश्नाचे उत्तर ‘तीन’ हे आहे. एका संघाला तीस वर्षे उभे ठेवण्याचे काम कोणी केले, ह्या प्रश्नाचे उत्तर ‘चारशे चौऱ्याण्णव’ हे आहे. आजवर पहिला प्रश्नच विचारला गेला, कारण नोंदवह्या ठेवणाऱ्यांना तोच महत्त्वाचा वाटला. प्रांतिक इतिहासाच्या अभ्यासकाने दुसरा विचारावयास हवा. पुढे राष्ट्रीय निवड समितीवर त्यांची नियुक्ती झाली, आणि १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्या पाच जणांत ते होते. पहिल्या प्रश्नात नापास झालेल्या माणसाला दुसऱ्यांची पारख करता येत होती, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

७

सरवटे २३ डिसेंबर २००३ रोजी इंदूर येथे निवर्तले. त्यानंतर चौदा वर्षांनी, १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्याच होळकर स्टेडियमवर दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून विदर्भाने रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. पुढच्याच हंगामात त्याने तो राखला आणि २०२४–२५ मध्ये तिसऱ्यांदा मिळविला. २०१७–१८ च्या त्या विजयी संघात मुंबईचे वसीम जाफर होते, प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित होते. २०२४–२५ च्या अंतिम सामन्यात शतक काढणारे करुण नायर कर्नाटकातून आलेले होते. नागपूरचा खेळाडू आश्रयासाठी इंदुरास जात होता, त्या नागपुराकडे आता बाहेरचे शिलेदार येऊ लागले. प्रवाहाची दिशा उलटली, कारण आश्रयाचे स्थान बदलले: दरबाराच्या जागी क्रिकेट संघटना आली आणि हुद्द्याच्या जागी करार आला. मुलखाच्या गुणसंपत्तीत एकाएकी फरक पडला, असे कोणी म्हणणार नाही.

ह्यातून जिल्ह्यांच्या इतिहासलेखनासाठी एक पद्धत सुचते. बुलढाणा जिल्ह्याच्या क्रीडा-इतिहासाचा अभ्यास हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने ‘येथून कोण मोठा झाला’ ह्या प्रश्नापासून आरंभ केल्यास त्याच्या हाती चार-दोन नावे येतील आणि प्रबंध अभिनंदनपर होईल. त्याऐवजी त्याने तीन गोष्टी क्रमाने पाहाव्या. खेळाडूला बारमाही पोसणारी शक्ती जिल्ह्यात कोणत्या काळी कोणती होती: दरबार, पेठ, शाळा, पोलीस, की कचेरी? ती नसेल तर बाहेर जाण्याचा मार्ग कोणता होता? आणि ज्या नावाच्या संघाकडून तो खेळला, त्या नावाचा त्या वर्षीचा वाच्यार्थ काय होता? शाळांच्या हजेरीपटांत, व्यायामशाळांच्या जमाखर्चाच्या वह्यांत, सामन्यांच्या वर्गणीच्या याद्यांत ह्यांची उत्तरे विखुरलेली असतात. विक्रमांच्या पुस्तकांत ती सापडत नाहीत.

शिलेदाराला वतन नसते, म्हणून त्याची बखर लिहिली जात नाही. परंतु मोहिमा त्याच्या बळावर चालतात. सरवटे यांच्यासारख्या खेळाडूंच्या कारकीर्दी गोळा केल्यास प्रांतिक क्रिकेटचा जो इतिहास हाती येईल, तो विक्रमवीरांच्या चरित्रांहून कमी तेजस्वी असेल. पण वऱ्हाडात काय होते आणि काय नव्हते, हे तो अधिक नेमकेपणाने सांगेल.